मृतसाठ्यातली मरळ

मार्च सरत आला की आमच्याकडच्या पेपरांत एक तक्ता यायला लागतो. धरणाचं नाव, एकूण क्षमता, आजचा उपयुक्त साठा, टक्केवारी. आता त्याचा फोटो काढून कुणीतरी सकाळी सकाळी व्हॉट्सॅपवर टाकतं, एवढाच काय तो बदल. कळंबच्या माणसाची नजर त्यात आधी मांजरा प्रकल्प शोधते. धरण आहे धनेगावला, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात. पण कळंब, केज, अंबाजोगाई, लातूर अशा सगळ्यांच्या नळांना तेच पाणी, त्यामुळे ते प्रत्येकाला आपल्याच मालकीचं वाटतं. वाईट वर्षी मे महिन्यात टक्केवारीच्या रकान्यात शून्य येतं आणि खाली एक ओळ असते: मृतसाठ्यातून पाणीपुरवठा सुरू.

मृतसाठा हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, पाणी नासलेलं असणार. तसं काही नसतं. धरणातून पाणी बाहेर काढायचं दार एका ठराविक उंचीवर बसवलेलं असतं. त्या उंचीच्या खाली उरलेलं पाणी आपोआप वाहून बाहेर पडू शकत नाही. नदीबरोबर येणारा गाळ साठायला जागा हवी, म्हणून हा खालचा भाग मुद्दाम सोडलेला असतो. मांजरा धरणाची एकूण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर. त्यातलं १७७ च्या आसपास उपयुक्त आणि ४७ च्या आसपास मृत. ‘उपयुक्त’ आणि ‘मृत’ ही नावं दाराच्या बाजूने बघून दिलेली आहेत. दारातून जे जातं ते कामाचं, जे जात नाही ते मेलेलं.

पाण्याच्या आतून बघितलं तर चित्र उलटं दिसतं. एप्रिल-मेमध्ये धरणातला जवळजवळ प्रत्येक मासा याच मेलेल्या पाण्यात असतो. उन्हाळा काढायला त्याला दुसरी जागाच नसते. पुढच्या पावसाळ्यात धरणात कोणते मासे असतील, किती असतील, हे या शेवटच्या पाण्यात ठरतं. या पाण्याचा आणि त्यातल्या माशांचा इतिहास आपल्याकडे आहे. तो नऊशे वर्षं मागे जातो आणि कळंबपासून फार लांब जात नाही.

तिकडचा बास, इकडची मरळ

आधी थोडं अमेरिकेबद्दल, कारण तलावातली मासेमारी म्हणून आपल्या फोनवर येतं ते सगळं तिकडचंच. उन्हाळ्यात बास कसा पकडावा यावर यूट्यूबवर इतके व्हिडिओ आहेत, की एक बघितला तर पुढचे पंधरा दिवस अल्गोरिदम तेच वाढत राहतो. चकचकीत बोट, सोनार, आणि हिरव्या पाठीचा, रुंद तोंडाचा मासा. सल्ले साधारण सारखेच: ऊन चढायच्या आत जा, बुडालेल्या झाडांची सावली शोधा, दुपारी खोल पाण्यात गळ सोडा, पण फार खोल नको.

शेवटच्या सल्ल्यामागे साधं विज्ञान आहे. खोल तलावात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचं तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. खालचं थंड पाणी त्यात मिसळत नाही, त्यामुळे तळाशी हळूहळू प्राणवायू संपत जातो. मासा मधल्या पट्ट्यात अडकतो. वर ऊन, खाली गुदमर. तो पट्टा ज्याला सापडला त्याला मासा सापडला.

बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला मासा. त्याचा खेळ झाला तो मात्र धरणांमुळे. १९३३ मध्ये टेनेसी खोऱ्यात सरकारी धरणांची मालिका सुरू झाली, पुढे दक्षिणेत जलाशयच जलाशय झाले आणि त्यांत बास वाढला. १९६७ मध्ये रे स्कॉट नावाच्या माणसानं आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी बास पकडणाऱ्यांची संघटनाच काढली. पण स्पर्धा म्हणजे शेकडो मेलेले मासे. म्हणून १९७२ मध्ये त्याच्या स्पर्धांत नवा नियम आला: मासा जिवंत ठेवायचा, मोजायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

१९७२ म्हटलं की आपल्याकडे वेगळंच आठवतं. घरातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा. बहात्तरचा दुष्काळ, लाल मिलो, सुकडी आणि दुष्काळी कामं. त्या कामांवर मराठवाड्यात लोकांनी दगड फोडून, माती वाहून पाझर तलाव बांधले. गावाबाहेरचा पाझर तलाव हा आमच्या पिढीला निसर्गाचाच भाग वाटतो, पण त्याचा बांध आपल्याच आज्या-आजोबांनी डोक्यावरच्या पाटीनं घातलेला आहे.

त्या पाझर तलावात किंवा धरणाच्या उथळ कडेला बासची जागा घेणारा आपला मासा म्हणजे मरळ. लांबट काळसर अंग, सापासारखं चपटं डोकं, शिकारीत दबा धरून बसायची सवय. गळ टाकून बसणारी मुलं मरळीची गोष्ट जरा आवाज उतरवूनच सांगतात. रोहू लागला तर दोरी ताणली जाते, मरळ लागली तर काठीच हातातून जायला बघते. उन्हाळ्याच्या बाबतीत मात्र मरळ बासच्या कितीतरी पुढे आहे. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते आणि तिनं ती थेट हवेतला प्राणवायू घेते. काही मिनिटांनी ती पृष्ठभागावर येते, हवेचा घोट घेते आणि खाली जाते. पाणी आटून चिखल उरला तरी ती त्यात काही काळ तग धरते. उन्हाळ्यासाठीच घडवलेला मासा म्हणावा असा. हिच्याबद्दल पुढे पुन्हा बोलू.

राजाचा गळ

बाराव्या शतकात आपला हा सगळा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात; कळंबपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तिथं ११२६ ते ११३८ या काळात तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. लढायांपेक्षा त्याचं नाव राहिलं ते एका संस्कृत ग्रंथामुळे: मानसोल्लास, दुसरं नाव अभिलषितार्थचिंतामणी. पाच भाग, प्रत्येकात वीस प्रकरणं, एकूण शंभर. राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं इथपासून काय खावं, हत्ती कसे झुंजवावे, गाणं कसं ऐकावं इथपर्यंत सगळं. एका राजानं लिहिलेला विश्वकोशच.

यातल्या चौथ्या भागात एक प्रकरण आहे, मत्स्यविनोद. विषय: गळानं मासे पकडण्याची मौज.

सोमेश्वर या प्रकरणात तीसहून अधिक जातींचे मासे सांगतो. समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि छोटे अशी वर्गवारी करतो. गळ, दोरी, काठी कशी असावी ते सांगतो. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मासे पकडण्याआधी त्यांना खायला काय घालावं ते सांगतो. कोणत्या जातीला पिठाचे किंवा भाताचे गोळे, कोणत्या जातीला मांस, असं वेगवेगळं. आधी मासे जोपासायचे, मग गळ टाकायचा.

आधुनिक जगाला हे प्रकरण नीट कळलं ते सुंदरलाल होरा या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञामुळे. मराठवाड्यात पाझर तलाव व्हायच्या वीसेक वर्षं आधी, १९५१ मध्ये, त्यांनी मत्स्यविनोदावर शोधनिबंध लिहिला आणि सोमेश्वराची नावं आजच्या जातींशी जुळवायचा प्रयत्न केला. प्राचीन भारतीयांना माशांबद्दल काय माहीत होतं, यावर त्यांनी निबंधांची मालिकाच लिहिली होती.

मराठी वाचकाला या ग्रंथाशी आणखी एक नातं सांगता येतं. मानसोल्लासाच्या गीतविनोद या प्रकरणात वेगवेगळ्या देशभाषांतल्या गाण्यांचे नमुने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. शके १०५१, म्हणजे ११२९, या सुमाराचा हा मजकूर. मराठीच्या सगळ्यात जुन्या लिखित नमुन्यांत त्याची गणना होते. त्या ओळींचा विषय विष्णूचे अवतार आणि त्यात मत्स्यावतार आहे. प्रलयाच्या पाण्यात वेद वाचवणारा मासा. म्हणजे एकाच पुस्तकात एका प्रकरणात मासा गळाला लागतोय आणि दुसऱ्या प्रकरणात तोच मासा जुन्या मराठीत देव झालाय. यात कुणाला विसंगती वाटली नसावी. आपल्यालाही वाटू नये. माळकरी घर आणि त्याच गल्लीत संध्याकाळी मासे तळल्याचा वास, हे आमच्याकडे आजही शेजारी शेजारी नांदतं.

सोमेश्वराचं कौतुक करताना एक गोष्ट विसरायला नको. हा राजाचा खेळ होता. माशांना भात घालणं परवडणाऱ्याची ही मौज. ज्याला त्याच माशावर घर चालवायचं होतं, त्याच्याबद्दल हा ग्रंथ बोलत नाही. पण एक तत्त्व त्यात स्पष्ट आहे. पाणी आपलं म्हणायचं तर त्यातल्या जिवांची तजवीजही आपलीच.

डोह

राजा नव्हता तिथं ही तजवीज नदीच करायची. मांजरा बालाघाटाच्या डोंगरात, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात उगम पावते. ती हिमालयातली नदी नाही. पाऊस थांबला की तिचं पाणी कमी होत जातं आणि उन्हाळ्यात धार तुटते. दख्खनच्या पठारावरच्या बहुतेक नद्यांचं असंच. धार तुटली तरी नदी मरायची नाही. पात्रात जागोजाग डोह राहायचे. सगळे मासे त्या डोहांत गोळा व्हायचे, तिथं दोन-तीन महिने काढायचे आणि मृगाचा पहिला पूर आला की पुन्हा नदीभर पसरायचे. उघड्या पडलेल्या वाळूत भोई आणि कहार कुटुंबं टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावायची. उन्हाळ्याची नदी म्हणजे थोडे मासे आणि थोडी टरबुजं, असा तो व्यवहार होता.

डोहातले मासे मारणं सगळ्यात सोपं. सगळे एका जागी कोंडलेले, पाणी कमी. म्हणूनच काही ठिकाणी लोकांनी डोह देवाला देऊन टाकले. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड आहे, पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे आहे. तिथले मासे देवाचे, त्यांना हात लावायचा नाही. भाविक त्यांना खायला घालतात. धार्मिक भाषा बाजूला काढली तर हा पाणी-व्यवस्थापनाचा नियम आहे: उन्हाळ्यातल्या शेवटच्या पाण्यात मासेमारी बंद.

सगळीकडे असा देव नव्हता. झाडपाल्याचं विष घालून डोहातले मासे वर आणायची पद्धत जुनीच होती, इंग्रजांच्या काळात तिच्या जोडीला सुरुंगाची दारू आली. एच. एस. थॉमस हा मद्रास इलाख्यातला अधिकारी स्वतः गळाचा नादिष्ट. त्यानं १८७३ मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर एक पुस्तक लिहिलं आणि १८८७ मध्ये खास तलावांतल्या मासेमारीवर दुसरं. नदीतले मासे संपत चालले आहेत, ही तक्रार त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात वारंवार येते. शेवटी १८९७ मध्ये कायदा झाला. स्फोटकं लावून किंवा विष घालून मासे मारणं ब्रिटिश हिंदुस्थानात गुन्हा ठरलं. कळंब तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, तो कायदा इथला नव्हता. इथं तेव्हाही डोहाची राखण गावाच्या शहाणपणावरच होती.

नदीचा तलाव झाला

मांजरेवर पहिलं मोठं धरण निजामानं बांधलं, पण आपल्याकडे नाही, खाली तेलंगणात. १९२३ ते १९३१ या काळात नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली निजामसागर उभा राहिला. पुढे हैदराबाद संस्थान भारतात आलं, मग महाराष्ट्र झाला, आणि १९८० च्या सुमाराला धनेगावचं धरण पूर्ण झालं. वरचे डोह एका मोठ्या जलाशयात बुडाले.

आता या जलाशयात मासे कोणते? नदीतल्या जाती होत्याच: मरळ, वाम, शिंगाडा आणि कितीतरी छोटे मासे. पण सरकारी योजनेत महत्त्व आलं ते कटला, रोहू आणि मृगळ या तिघांना. उत्तरेच्या मोठ्या नद्यांत फोफावणाऱ्या या जाती लवकर वाढतात, एकमेकांचं खाणं पळवत नाहीत. अडचण एकच, साचलेल्या पाण्यात त्या सहसा विणत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे नद्यांतून त्यांची पिल्लं गोळा करून आणावी लागायची.

१० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलिकुन्ही यांनी हे कोडं सोडवलं. माशाच्या मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी या माशांना तळ्यात विणायला लावलं. १० जुलै आज देशभर मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो यामुळेच. त्यानंतर मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे शब्द सरकारी कागदांत आणि मग गावांत आले. बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. इतका गोड सरकारी शब्द मला दुसरा माहीत नाही. पावसाळ्यात बोटुकली आणून तलावात सोडायची, मोठी झाली की काढायची. तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्यानं द्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगणारा भोई समाज आता संस्थेचा सभासद झाला.

याच दशकात बाहेरूनही पाहुणे आले. १९५२ मध्ये तिलापिया भारतात आणला गेला. आपल्याकडे त्याची चिलापी झाली. ती कुठंही जगते, कसल्याही पाण्यात विते, आणि एकदा शिरली की जात नाही. मराठवाड्यातल्या बाजारात आज स्वस्तात मिळणारा तलावातला मासा बहुतेक वेळा चिलापीच असतो.

या हिशेबात मरळीचं स्थान गमतीदार आहे. बाजारात ती सगळ्यात महाग, जिवंत विकली जाणारी. मत्स्यशेतीच्या शिकवणीत मात्र ती नको असलेल्यांच्या यादीत, कारण ती बोटुकली खाते. तळ्यात बीज सोडण्याआधी मरळीसारखे शिकारी मासे काढून टाका, असा सल्ला असतो. गंमत पुढेच आहे. तेलंगणानं हिलाच राज्यमासा केलं. दर वर्षी मृग लागताना हैदराबादला दम्याच्या औषधासाठी प्रचंड गर्दी होते, तिथं जिवंत पिल्लाच्या तोंडात लेप घालून ते गिळायला देतात, ते पिल्लूही मरळीचंच. त्या औषधाला वैज्ञानिक आधार नाही, पण मराठवाड्यातूनही लोक जात आले आहेत. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपला राज्यमासा जाहीर केला: रुपेरी पापलेट. चांगला मासा आहे, कोकणाच्या किनाऱ्यावर त्याची चिंता करायलाच हवी होती. पण समुद्रापासून दूर, धरणाच्या काठी राहणाऱ्या आम्हा लोकांचा मासा राज्याच्या चित्रात कुठं बसतो, हे त्यावरून कळतं.

एप्रिल ते जून

आता ऐन उन्हाळ्यातल्या धरणाकडे येऊ. बासच्या व्हिडिओतला खोल, थरांचा तलाव इथं नसतो. मांजरा धरण पसरट आहे. मे महिन्यात पाणी इतकं खाली गेलेलं असतं, की वारा सुटला की तळापर्यंत घुसळण होते आणि सगळं पाणी गढूळ, कोमट होतं. उन्हानं रोज सेंटिमीटरभर पाणी उडून जातं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्यात गर्दी वाढलेली. फेब्रुवारीत जे मासे मैलभर पसरलेले होते, तेच आता काही एकरांत. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच वापरतं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. उन्हाळ्यात पहाटे धरणावर गेलात तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. लांबून वाटतं खेळतायत. खरं तर ते श्वासासाठी धडपडत असतात.

धरणावर जाळं टाकणारे लोक हे सगळं आकड्यांशिवाय ओळखतात. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते निघतात ते थेट जुन्या पात्राकडे. बुडालेली नदी कुठून जाते, हे त्यांना वरून माहीत असतं, कारण तेवढीच जागा खोल असते. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही मासे उन्हाळ्यात जिथं जातात ती जागा जुनी मांजराच आहे, तिचे जुने डोहच आहेत. तक्त्यात त्यालाच मृतसाठा म्हणतात. पाणी उतरलं की बुडालेल्या गोष्टी दिसतात, हे आपण उजनीत पळसदेवचं देऊळ वर आल्यावर बातम्यांत बघतो. माशांसाठी नदी कधी बुडालेलीच नव्हती.

या दिवसांत मासे स्वस्त होतात. संस्थेला घाई असते: पाणी संपण्याआधी काढले नाहीत तर मरून जातील, मग केलेला खर्चही गेला. ही घाई चूक म्हणता येत नाही. ज्यानं बोटुकलीसाठी पैसे घातले, ठेका भरला, त्याला जून बघायची सोय नाही. बाजारातल्या ढिगाकडे बघून आपल्याला सुबत्ता वाटते. ती सुबत्ता नसते, दुकान बंद करताना काढलेला सेल असतो.

२०१६ मध्ये दुकान खरंच बंद झालं. सलग तुटीच्या पावसानं मांजरा धरण कोरडं पडलं. १२ एप्रिल २०१६ ला पहाटे मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. कृष्णेचं पाणी मांजरेच्या खोऱ्यात रुळांवरून आलं. देशभर बातमी झाली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि बाहेरगावच्या प्रत्येक मुलानं मला त्या रेल्वेबद्दलच विचारलं. माशांबद्दल कुणी विचारलं नाही, मलाही ते सुचलं नसतं. माणसांना प्यायला पाणी नसताना मासे कोण मोजणार? ही प्राथमिकता बरोबरच होती, आजही आहे.

पण त्या उन्हाळ्यात काय संपलं ते मागे वळून बघता येतं. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी जोराचा पाऊस झाला, धरणात पाणी आलं. पुन्हा बोटुकली सोडली की कटला, रोहू परत येतात, कारण ते कारखान्यातल्या मालासारखे दर वर्षी नवे आणता येतात. चिलापी कुठूनतरी येतेच. नदीतल्या ज्या छोट्या जातींचं बीज कुठल्याच केंद्रात तयार होत नाही, त्यांना परत आणायला कुणी नसतं. वरच्या ओढ्यात, एखाद्या विहिरीत, न आटलेल्या खड्ड्यात उरल्या असतील तेवढ्याच. त्यांची नावं आमच्या पिढीला माहीत नाहीत, त्यामुळे त्या गेल्याचं कळणंही अवघड. आमच्यासाठी धरणातला मासा म्हणजे रोहू, कटला, चिलापी.

मरळ टिकली असेल. तिला बीजकेंद्र लागत नाही. कडेच्या गवतात ती घरटं करते, आणि पिल्लं झाली की आई-बाप दोघं त्यांची राखण करतात. पावसाळ्याच्या दिवसांत पृष्ठभागावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा पुंजका वळवळताना दिसतो, त्याच्या खाली मरळ असतेच. गळवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. पुंजक्यावर गळ नाचवला की आई पिल्लांच्या रक्षणासाठी झेप घेते आणि सापडते. मग दोन दिवसांत पुंजका इतर माशांच्या पोटात जातो. गोड्या पाण्यातल्या माशांत इतकी जबाबदार आई-बापं थोडीच, आणि त्याच गुणावर ती मारली जातात.

तक्त्यातली एक ओळ

२०१६ नंतर लातूर भागात लोकांनी वर्गणी काढून मांजरेच्या पात्रातला गाळ उपसला. २०१७ मध्ये सरकारनं गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली. गाळ काढणं गरजेचंच आहे. मृतसाठ्याची जागा गाळासाठीच ठेवली होती आणि ती भरत चालली आहे. पण पोकलेन लावून तळ सपाट करताना कुणी हा प्रश्न विचारत नाही, की मासे उन्हाळ्यात कुठं थांबतील. सपाट तळ लवकर तापतो आणि एकदम आटतो. त्याच खर्चात पात्रातल्या दोन-चार जागा मुद्दाम खोल सोडल्या तर ते डोह होतील. ज्यानं धरणाच्या दाराची उंची ठरवली, त्यानं गाळाला जागा सोडली होती. तशीच जागा माशांना सोडायची, एवढंच.

आणि त्या डोहांत एप्रिल ते जून जाळं नको. वाळणकोंडला हे देवाच्या नावानं होतं, अमेरिकेत ते स्पर्धेच्या नियमानं झालं, कल्याणीच्या राजानं ते मौजेसाठी केलं. आपल्याकडे ते मच्छीमार संस्थेला विश्वासात घेऊन, आणि तेवढ्या दिवसांच्या नुकसानीची भरपाई देऊनच होऊ शकतं. भोई कुटुंबाच्या पोटावर पाय ठेवून मासा वाचवायचा, हे न्यायाचं नाही आणि टिकणारंही नाही.

हौशी गळवाल्यांसाठी गोष्ट आणखी सोपी आहे. रील काढायला धरणावर जाणाऱ्या मुलांची संख्या दर वर्षी वाढते आहे, आणि ते मला चांगलं लक्षण वाटतं. पाण्याकडे नळाशिवाय दुसऱ्या कारणासाठी बघणारी ही बऱ्याच काळानंतरची पहिली पिढी असेल. त्यांनी पिल्लांच्या पुंजक्यावर गळ टाकू नये. टाकलाच आणि मरळ लागली, तर फोटो काढून सोडून द्यावी. आणि मासा पकडला की त्याचं नाव विचारावं, तराफ्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला. खात्याच्या यादीत नसलेली नावं अजून त्यांच्याकडे आहेत. ती फोनमध्ये लिहून ठेवायला जागा फार लागत नाही.

सोमेश्वरानं नऊशे वर्षांपूर्वी तीसहून अधिक जाती लिहून ठेवल्या, म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलता येतं. मांजरेची अशी यादी कळंबच्या, केजच्या एखाद्या शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या मुलांना एका उन्हाळ्यात करता येईल. तेवढी यादी हातात आली, तर मे महिन्यातल्या त्या तक्त्यात मृतसाठ्याच्या रकान्यासमोर आणखी एक ओळ लिहिता येईल: या पाण्यात आज कोण कोण जिवंत आहे.